बुरशीजन्य पीकरोग आणि जैवसुरक्षेचे नियम : रोप आणण्यापासून रोग कळवण्यापर्यंत काय करायचं

केळीचं एक झाड घ्या. खालची दोन-तीन पानं कडेने पिवळी पडलेली, एखादं देठाशी मोडून खोडाला लोंबकळतंय. पाणी कमी पडलं असेल किंवा पालाश कमी असेल, असं कुणालाही वाटेल. पण खोड आडवं कापलं की पांढऱ्या गाभ्याभोवती विटकरी-तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं. उभं चिरलं तर त्याच ठिपक्यांच्या रेषा खाली कंदापर्यंत उतरलेल्या असतात. हा फ्युझॅरियम मर रोग, म्हणजेच पनामा रोग. हे चित्र डोळ्यांना दिसतं तेव्हा बुरशी झाडात शिरून कित्येक आठवडे, कधी महिने झालेले असतात. मातीत तिचे जाड भिंतीचे बीजाणू तयार झालेले असतात, आणि केळी नसली तरी ते वीसहून अधिक वर्षं तग धरू शकतात. त्या मधल्या काळात बागेतून किती बूट, किती चाकं आणि किती मुनवे (लागवडीसाठी काढलेली केळीची पिल्लं) बाहेर गेले, हे कुणी मोजलेलं नसतं.

जैवसुरक्षेचे सगळे नियम या मधल्या काळासाठी लिहिलेले आहेत: बुरशी आली आहे, पण दिसत नाही. हे एकदा लक्षात घेतलं की परवाना, प्रमाणपत्र, विलगीकरण, बूट धुणं ही कटकट वाटत नाही, आणि प्रत्येक नियम कुठल्या फटीवर बसवला आहे ते कळतं. रोपवाटिका चालवणारे, बियाणं किंवा बेणं बाहेरून आणणारे, बाग सांभाळणारे आणि त्यांना सल्ला देणारे यांच्यासाठी हा लेख आहे. देशागणिक कायद्याची नावं बदलतात, चौकट मात्र जवळपास सारखीच असते.

पायरी १ : तुमची बुरशी कायद्याच्या कुठल्या खान्यात बसते ते पाहा

कायद्याच्या भाषेत बुरशीसुद्धा ‘कीड’च असते. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार १९५१ मध्ये स्वीकारला गेला आणि १९९७ मध्ये त्याची मोठी सुधारणा झाली. वनस्पतीला अपाय करणारी कुठलीही प्रजाती, वंश किंवा रोगकारक घटक त्याच्या व्याख्येत कीड ठरतो. त्यामुळे बटाट्याच्या उशिराच्या करप्याचा फायटोफ्थोरा जीवशास्त्राच्या दृष्टीने खरी बुरशी नाही, ही गोष्ट नियमांच्या दृष्टीने गौण ठरते. त्यालाही हीच वागणूक मिळते.

महत्त्वाचे खाने दोन. पहिला संगरोध (क्वारंटाइन) किडीचा: त्या प्रदेशाला आर्थिक धोका आहे आणि ती तिथे अजून आलेली नाही, किंवा आली असली तरी थोड्याच भागात आहे आणि सरकार तिच्यावर अधिकृत नियंत्रण ठेवून आहे. दुसरा नियंत्रित पण संगरोधाबाहेरच्या किडीचा: ती आधीच सगळीकडे आहे, पण लागवडीच्या साहित्यात तिचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की नुकसान होतं, म्हणून बेणं आणि रोपांपुरती मर्यादा ठरवलेली असते. पहिल्या खान्यात एक रोप सापडलं तरी खेप अडते. दुसऱ्यात टक्केवारी पाहिली जाते. तुमची बुरशी यापैकी कुठे आहे हे माहीत नसेल तर पुढचं सगळं काम अंदाजावर चालतं. प्रत्येक देशाची वनस्पती संरक्षण संस्था नियंत्रित किडींची यादी ठेवते. सुरुवात तिथून करा.

यादी वाचताना लोक हमखास एक चूक करतात. प्रजातीचं नाव पाहतात आणि ‘ही तर आपल्याकडे आहेच’ म्हणून पुढे जातात. कायद्याच्या व्याख्येत वंशसुद्धा येतो, ते उगाच नाही. पनामा रोगाच्या बुरशीच्या पहिल्या वंशाने (रेस १) विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निर्यातीच्या ग्रो मिशेल जातीच्या केळीचा व्यवसाय मोडीत काढला. त्या जागी कॅव्हेंडिश ही जात आली, कारण ती त्या वंशाला प्रतिकारक होती. ट्रॉपिकल रेस ४ हा त्याच बुरशीचा वेगळा वंश कॅव्हेंडिशलाच मारतो. नाव एक, पण धोका अगदी वेगळा. भाताच्या करप्याची बुरशी जगभर आहे, म्हणून गव्हाच्या करप्याला कुणी आपल्या ओळखीचा समजला तर तीच गफलत होईल. गव्हावर येणारा तिचा वंश १९८५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ च्या फेब्रुवारीत तो बांगलादेशात उगवला आणि सुमारे १५,००० हेक्टर गव्हाला त्याने गाठलं. जनुकीय तपासणीत तो दक्षिण अमेरिकेतल्या वंशाशी जुळला. म्हणून यादी वाचताना तीन गोष्टी विचारा: प्रजाती कोणती, वंश कोणता, आणि माझं पीक त्या वंशाचं यजमान, म्हणजे तो ज्यावर जगतो असं झाड, आहे का.

धोका मोजताना उत्पादनातली घट हे एकच माप धरू नका. गव्हाच्या कर्नाल बंटमुळे शेतातलं उत्पादन सहसा फारसं घटत नाही. पण १९९६ मध्ये हा रोग अमेरिकेतल्या ॲरिझोनात सापडला तेव्हा गव्हाच्या निर्यातीचाच प्रश्न उभा राहिला, कारण अनेक आयातदार देश ती बुरशी लागलेला एक दाणाही स्वीकारत नाहीत. नुकसान शिवारात दिसलं नाही, पण बाजारात फार मोठं होतं.

पायरी २ : ती कुठल्या वाटेने येऊ शकते ते लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या शेतात किंवा रोपवाटिकेत बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट लिहा. रोपं, मुनवे, कंद, बियाणं, कलमकाड्या, माती, कुंडीतलं माध्यम, शेणखत, पाणी, अवजारं, क्रेट, भाड्याचं कापणी यंत्र, मजूर, पाहुणे, अधिकारी, आणि तुम्ही स्वतः. प्रत्येकासमोर लिहा की तिच्यावर स्वार होऊन कुठली बुरशी येऊ शकते.

हे काम कंटाळवाणं वाटलं तरी करा, कारण वाट बदलली की नियमही बदलतो. वाऱ्याने येणाऱ्या बुरशीला सीमेवर अडवता येत नाही. सोयाबीनचा तांबेरा २००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदा सापडला, आणि तो त्या वर्षीच्या ‘आयव्हन’ चक्रीवादळाबरोबर आला असावा असं मानलं जातं. अशा रोगासाठी लवकर शोध आणि इशारा देणारी यंत्रणाच उपयोगी पडते. याउलट गव्हाचा पिवळा तांबेरा १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात पोहोचला, तो बहुधा एखाद्या प्रवाशाच्या कपड्यांवरून. तांबेऱ्याचे बीजाणू पिठासारखे बारीक असतात आणि शेतात फिरून आलेल्या विजारीवर सहज बसतात. परदेशातलं शेत पाहून परतणाऱ्याला विमानतळावर बूट आणि कपड्यांविषयी प्रश्न विचारतात, त्यामागे हा अनुभव आहे. असा प्रश्न आला तर खरं उत्तर द्या, आणि निघण्याआधी कपडे धुऊन घ्या.

सगळ्यात मोठी वाट मात्र लागवडीच्या साहित्याचीच. बियाण्यातून किंवा बेण्यातून आलेली बुरशी थेट तिच्या यजमानाजवळ, ओलाव्यात आणि तुमच्याच हाताने पोहोचवली जाते. फळावरून आलेल्या बुरशीला तिथून जिवंत झाडापर्यंत पोहोचण्यासाठी बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. हा फरक देशादेशांतल्या वादांच्या मुळाशी असतो. संत्रावर्गीय फळांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगावरून युरोपीय संघाने लावलेल्या अटींविरुद्ध दक्षिण आफ्रिकेने २०२४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. व्यापारी फळातून हा रोग नव्या बागेत खरंच रुजू शकतो का, हाच तिथला मूळ प्रश्न आहे.

पायरी ३ : काही मागवण्याआधी परवाना, आणि त्याच्याही आधी धोक्याचा अभ्यास

कुठलाही देश एखाद्या वनस्पतीच्या आयातीवर मनाला येईल तशी अट लावू शकत नाही. १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या स्वच्छता आणि वनस्पती-आरोग्यविषयक कराराने हे बांधून दिलं आहे. अट शास्त्रीय पुराव्यावर उभी असली पाहिजे आणि गरजेपेक्षा जास्त जाचक नसावी. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरती अट लावता येते, पण वाजवी मुदतीत तिचा फेरविचार करावा लागतो. न्यूझीलंडच्या सफरचंदांवरच्या ऑस्ट्रेलियाच्या अटींचा वाद २०१० मध्ये अपिलात निकाली निघाला. त्यात युरोपीय कँकर या बुरशीजन्य रोगाविषयीच्या अटीही होत्या, आणि ऑस्ट्रेलियाला त्यांचं शास्त्रीय समर्थन पुरेसं देता आलं नाही.

आयात करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की तुमच्या पिकासाठी आणि त्या मूळ देशासाठी धोक्याचा अभ्यास आधी झालेला असला तर अटी तयार मिळतात. झाला नसेल तर आधी तो होईल आणि त्यात वर्षंही जाऊ शकतात. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा: या वनस्पतीची, या भागाची (बी, रोप, कंद, फळ), या देशातून, या वापरासाठी आयात चालते का? चारही गोष्टी एकाच प्रश्नात विचारा. खाण्यासाठी चालणारा कंद लागवडीसाठी चालेलच असं नाही.

परवाना हातात आल्यावर तो आधी निर्यातदाराला पाठवा आणि मगच माल भरायला सांगा. हा क्रम उलटा झाला की काय होतं हे मी पाहिलं आहे. रोपं बंदरावर येऊन पडली होती आणि परवान्यातली अट होती वाढीच्या काळात शेतात तपासणी करण्याची. ती तपासणी मागे जाऊन करता येत नाही. कागद दुरुस्त होतो, पण हंगाम परत येत नाही.

पायरी ४ : वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र नीट वाचा

फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट हे निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारने आयात करणाऱ्या देशाच्या सरकारला दिलेलं वचन आहे. ते विक्रेता देत नाही. त्याचा नमुना आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेला आहे आणि आता अनेक देश ते इलेक्ट्रॉनिक रूपातही पाठवतात. वाचताना या गोष्टी तपासा.

वनस्पतीचं शास्त्रीय नाव परवान्यातल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. मूळ ठिकाण म्हणजे जिथे ती वाढली ती जागा. जिथून जहाज सुटलं ती नव्हे. माल एखाद्या तिसऱ्या देशातून फिरून आला असेल तर पुनर्निर्यातीचं प्रमाणपत्र आणि मूळ प्रमाणपत्राची प्रत अशी दोन्ही लागतात. पण खरा जीव असतो तो ‘अतिरिक्त घोषणा’ या रकान्यात. ‘ही रोपं अमुक बुरशीपासून मुक्त क्षेत्रात वाढवली आहेत’ आणि ‘ही रोपं तपासली असता अमुक बुरशी आढळली नाही’ ही दोन वाक्यं वरवर सारखी वाटतात, पण त्यांचं वजन फार वेगळं आहे. पहिल्या वाक्यामागे क्षेत्राचं सर्वेक्षण, सीमा, वाहतुकीवर नियंत्रण असं सगळं उभं असतं. दुसऱ्यामागे एका दिवशी एका माणसाने पाहिलेली काही रोपं असतात. परवान्यात पहिलं मागितलं असेल आणि प्रमाणपत्रावर दुसरं आलं असेल, तर माल सुटणार नाही आणि सुटूही नये.

प्रक्रियेचा रकानाही पाहा. बुरशीनाशक लावल्याची नोंद म्हणजे बुरशी मेल्याचा पुरावा नव्हे. बरीच बुरशीनाशकं बुरशीची वाढ रोखतात आणि लक्षणं दाबून टाकतात. रोप निरोगी दिसत राहतं, औषधाचा असर उतरला की रोग डोकं वर काढतो. तपासणीच्या आदल्या आठवड्यात फवारलेलं रोप तपासणाऱ्याला काहीच सांगत नाही. म्हणून काही अटींमध्ये विलगीकरणाच्या काळात बुरशीनाशक वापरायला मनाई असते. ती पाळा.

पायरी ५ : माल आल्यावर

सीमेवरची तपासणी झाली म्हणजे खात्री झाली, असं धरून चालू नका. साधा हिशेब पाहा. एका मोठ्या खेपेत शंभरात एक रोप बाधित आहे. ते ९५ टक्के खात्रीने पकडायचं तर अनियतपणे निवडलेली २९९ रोपं पाहावी लागतात. फक्त ५० पाहिली तर सापडण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास राहते. प्रमाण हजारात एक असेल तर २,९९५ रोपं लागतात. आणि हे सगळं बाधित रोपावर लक्षण दिसतंय असं धरून. सुप्तावस्थेत बुरशी असेल तर कितीही रोपं डोळ्यांनी पाहिली तरी उपयोग नाही. नमुना घेण्याचं आंतरराष्ट्रीय मानक याच गणितावर उभं आहे. तपासनीस जास्त रोपं काढायला लागला तर चिडू नका. तो तुमच्या बाजूने आकडा वाढवतो आहे.

जास्त धोक्याच्या साहित्यासाठी म्हणूनच आयातीनंतरचं विलगीकरण असतं. रोपं बंदिस्त जागेत वाढवायची, ठरलेल्या काळात वारंवार पाहायची, चाचण्या करायच्या आणि मगच सोडायची. परवान्यात अट नसली तरी स्वतःहून एक छोटी जागा वेगळी ठेवा. ती उताराच्या खालच्या बाजूला असावी, म्हणजे तिथलं पाणी मुख्य लागवडीकडे वाहणार नाही. तिथली कात्री, झारी, बूट वेगळे ठेवा. दिवसाच्या कामात तिथे शेवटी जा. नव्या रोपांकडून जुन्यांकडे जायचं नाही, जुन्यांकडून नव्यांकडे जायचं.

टिश्यू कल्चरच्या रोपांबद्दल एक इशारा. बाटलीतलं निर्जंतुक रोप मातीतल्या बुरशीपासून मुक्त असतं, म्हणून फ्युझॅरियमच्या धोक्याच्या भागात मुनव्यांपेक्षा ते केव्हाही चांगलं. पण बाटलीतून निघाल्यावर ते कणखर करायला रोपवाटिकेत जातं, आणि तिथलं माध्यम, तिथलं पाणी, तिथली जमीन यांची शुद्धता बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहिलेली नसते. रोपं जमिनीपासून उंच मांडवावर ठेवलीत का, पाणी कुठलं, वाहून गेलेलं पाणी परत वापरतात का, हे विक्रेत्याला विचारा. फायटोफ्थोराचे चल बीजाणू पाण्यात पोहतात. पुनर्वापराच्या पाण्याच्या एका टाकीतून ते सगळ्या रोपवाटिकेत पोहोचू शकतात.

पायरी ६ : शेताचं दार

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सीमेवरचे नियम सरकार पाळतं, पण हा भाग तुमच्याशिवाय कुणी पाळू शकत नाही.

शेताला शक्यतो एकच दार ठेवा. दाराबाहेर वाहनांची जागा. बाहेरचं वाहन बाहेरच. माल आत न्यायचा असेल तर आतल्या गाडीत उतरवून घ्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला शेताचे बूट द्या, म्हणजे त्याचे बूट धुण्याचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते सगळ्या उपायांत सर्वात स्वस्त आणि सर्वात खात्रीचा हाच.

ज्यांना बूट धुऊनच आत यायचं आहे त्यांच्यासाठी जंतुनाशकाची उथळ टाकी लागते. अशा कितीतरी टाक्या मी पाहिल्या: तळाशी बोटभर चिखल, वर गढूळ पाणी, त्यात पालापाचोळा. माणूस त्यात पाय बुडवून समाधानाने आत जातो. ती टाकी नसती तर बरं झालं असतं, कारण तिच्यामुळे खोटी खात्री मिळते. माती आणि सेंद्रिय पदार्थ जंतुनाशकाला निकामी करतात. फ्युझॅरियमचे जाड भिंतीचे बीजाणू मातीच्या कणात बसलेले असतात, तिथे औषध पोहोचतच नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी कोरडी माती खरवडून काढा, मग ब्रश आणि साबणाच्या पाण्याने तळव्याच्या खाचा धुवा, आणि बूट स्वच्छ दिसल्यावरच जंतुनाशकात ठरलेला वेळ ठेवा. पनामा रोगाच्या बाबतीत क्वाटर्नरी अमोनियम गटातली औषधं वापरली जातात. मात्रा आणि वेळ लेबलवर लिहिल्याप्रमाणेच. द्रावण झाकून ठेवा, गढूळ झालं की बदला आणि बदलल्याची तारीख टाकीवरच लिहा. यंत्रांनाही हाच क्रम. भाड्याचं कापणी यंत्र आत येण्याआधी त्याच्या पट्ट्या, कप्पे, चाकांमागची पोकळी उघडून पाहा, कारण बंटचे बीजाणू त्या भुशातच असतात.

पायरी ७ : बघत राहणं आणि नमुना घेणं

आठवड्याचा एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी पीक पाहण्याशिवाय दुसरं काम करू नका. ‘काही आढळलं नाही’ हीसुद्धा नोंद आहे, तीही तारखेसह लिहा. रोगमुक्त क्षेत्र किंवा रोगमुक्त उत्पादनस्थळ म्हणून मान्यता मिळते ती अशाच रिकाम्या दिसणाऱ्या नोंदींवर.

संशयास्पद झाड दिसलं तर पहिली गोष्ट म्हणजे ते उपटू नका, तोडू नका, फवारू नका. भोवती दोरी बांधा, जागेची खूण आणि निर्देशांक नोंदवा, लक्षणांचे जवळून आणि लांबून फोटो काढा. तुमच्या देशाच्या नियमात संशयित संगरोध रोगाचा नमुना फक्त अधिकाऱ्यानेच घ्यायचा असेल, तर इथेच थांबा आणि थेट पुढच्या पायरीवर जा. चांगल्या हेतूने पोस्टाने पाठवलेलं बाधित पानच रोगाची नवी वाट होऊ शकतं.

नमुना घ्यायची परवानगी असेल तर पूर्ण मेलेला भाग घेऊ नका, तिथे कुजवणाऱ्या इतर बुरश्या आधीच पोहोचलेल्या असतात. निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा तुकडा घ्या. पानं कोरड्या कागदात गुंडाळा, कारण ओल्या प्लॅस्टिकमध्ये ती प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सडतात. कागदाबाहेर मात्र दोन सीलबंद पिशव्या हव्यात. केळीच्या मर रोगासाठी खोडातले रंग बदललेले धागे काढून सोखकागदात वाळवून देतात. प्रत्येक झाडानंतर सुरी निर्जंतुक करा. आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा, म्हणजे नमुना सुट्टीत कुठे पडून राहणार नाही. पहिल्या चाचणीत ‘संशयित’ असा निकाल येईल. पीसीआर (जनुकीय चाचणी) झाला, बुरशी वेगळी करून वाढवली, संदर्भ प्रयोगशाळेने पुष्टी दिली की मगच ‘निश्चित’ म्हणायचं. या दोन शब्दांमधल्या दिवसांत शेजाऱ्यापाजाऱ्यांत नाव फुटू देऊ नका, पण बागेतून काहीही बाहेर जाऊ देऊ नका.

पायरी ८ : कळवणं

बहुतेक देशांत संगरोध रोगाचा संशय आल्यावर कळवणं हे कायदेशीर कर्तव्य आहे, पुष्टी होईपर्यंत थांबायची सूट नसते. देशालाही पुढे तेच करावं लागतं: नवा रोग, उद्रेक किंवा प्रसार झाल्यास व्यापारी भागीदारांना कळवणं आंतरराष्ट्रीय करारात बंधनकारक आहे.

तरीही माणसं लपवतात, आणि का लपवतात ते मला समजतं. कळवलं की बागेला टाळं लागेल, माल विकता येणार नाही, गावात बोट दाखवलं जाईल. म्हणून ज्या देशांनी भरपाईची सोय आधीच ठरवून ठेवली त्यांची व्यवस्था मला अधिक प्रामाणिक वाटते. ऑस्ट्रेलियात २००५ पासून सरकारं आणि उत्पादकांच्या संघटना यांच्यात करार आहे. नव्या रोगाच्या निर्मूलनाचा खर्च कुणी किती उचलायचा हे त्यात आधीच ठरलेलं असतं. मंजूर योजनेखाली ज्याचं पीक नष्ट करावं लागतं त्याला ठरलेल्या खर्चाची परतफेड मिळते. तुमच्याकडे अशी सोय आहे का, कोणत्या अटीवर आहे, हे रोग येण्याआधी विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी उशिरा कळवलं की हक्क जातो.

कळवताना हाताशी काय हवं? लागवडीची तारीख, रोपं कुठून आली, कुठल्या वाफ्यात गेली, त्याच वेळी आणखी कुणाला गेली, गेल्या काही महिन्यांत कोण आत आलं आणि कुठली यंत्रं आली. मागचा माग आणि पुढचा माग हे दोन्ही या वहीवरून काढतात. वही नसेल तर अधिकाऱ्याला सगळ्यांवरच संशय घ्यावा लागतो.

पायरी ९ : नोटीस लागल्यावर

नोटीस हातात पडली की तीन गोष्टी शोधा: कुठल्या हद्दीला लागू, काय हलवायला मनाई, आणि कुठल्या तारखेपर्यंत. मनाई सरसकट नसते. कित्येकदा धुतलेलं फळ जाऊ शकतं, माती लागलेला कंद जाऊ शकत नाही. परवानगीने काय चालू राहतं ते लेखी मागा.

मग व्याप्तीचं सर्वेक्षण होतं आणि त्यावरून निर्मूलन करायचं की फक्त रोखून धरायचं हे ठरतं. दोन्ही गोष्टी एकाच पिकावर, एकाच खोऱ्यात घडलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्याच्या टली परिसरात २००१ मध्ये केळीचा काळा सिगाटोका सापडला. हा पानांवर जगणारा रोग. रोगट पानं सातत्याने काढून टाकणं आणि कडक फवारणी यांच्या जोरावर तो पूर्ण संपवला गेला, आणि २००५ मध्ये तो भाग रोगमुक्त जाहीर झाला. २०१५ मध्ये त्याच टलीजवळ ट्रॉपिकल रेस ४ सापडला. ही मातीत उतरणारी बुरशी, तिला पानं काढून संपवता येत नाही. उत्पादकांच्या संघटनेने पहिली बाधित बाग विकत घेऊन बंद केली. नंतर त्या खोऱ्यात आणखी काही बागांत रोग निघाला, पण प्रसार फार संथ राहिला. त्याच रोगाने २०१९ मध्ये कोलंबिया आणि २०२१ मध्ये पेरू गाठला.

म्हणून मातीतल्या बुरशीसाठी नोटीस वेगळी दिसते. बाधित झाड उपटून बाहेर ओढायचं नाही. उभ्या जागी तणनाशक टोचून मारायचं, म्हणजे मुळांसकट मातीची उलथापालथ होत नाही. भोवतीची झाडंही त्याच पद्धतीने नष्ट होतात. जागेला कुंपण पडतं, पाण्याची वाट वळवली जाते, जनावरं आत जाणार नाहीत असा बंदोबस्त केला जातो. नांगर तिथे चालवायचा नाही.

पुढे तिथे काय लावायचं हा प्रश्न सगळेच विचारतात. यजमान पीक नाही, हे उघड आहे. पण काही गवतं आणि तणं स्वतः आजारी न पडता मुळांत फ्युझॅरियम बाळगतात, त्यामुळे जमीन नुसती पडीक ठेवली तरी बुरशी उपाशी राहीलच असं नाही. कुंपणाच्या आतलं तण कुठलं आहे ते पाहून, यजमान नसलेलं दाट आच्छादन पीक पेरा, आणि तिथे जाणारा माणूस, त्याचे बूट आणि त्याचं अवजार बाकीच्या शेतापासून कायम वेगळं ठेवा.